ड्रॉचे पेढे

“मामा, बघितलीसा का मॅच?”

“बघितली.”

“मग?”

“जिंकलो का आपण?”

“ड्रॉ की! शून्य-शून्य. कतारबरोबर!”

“मग एवढ्या रात्री फोन कशाला केलास?”

दोह्याहून कोल्हापुरात आलेला हा फोन १० सप्टेंबर २०१९ चा. सामना भारतीय वेळेनुसार रात्री दहाला सुरू झालेला, त्यामुळे तो संपला तेव्हा इकडे बारा वाजायला आले होते. अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर होती. त्या वर्षी मोहरम नेमका सामन्याच्याच दिवशी आलेला, म्हणून काही तालमींत गणपतीच्या शेजारी पंजेही बसले होते. महापूर ओसरून महिनाच झाला होता आणि अनेक घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. मामांनी फोन ठेवला आणि ते झोपले. भाचा मात्र जसिम बिन हमद स्टेडियमच्या बाहेर गळ्यात तिरंगा अडकवलेल्या अनोळखी मल्याळी पोरांबरोबर तासभर नाचत होता.

तो वाद सहा वर्षांनीही मिटलेला नाही. २०२५ च्या डिसेंबरात भाचा सुट्टीवर आला, पोर्चच्या कट्ट्यावर चहा आला, आणि पहिल्या घोटाला तोच विषय निघाला.

दोघांची ओळख थोडक्यात करून द्यायला हवी. मामा सत्तरीला टेकलेले, निवृत्त गणिताचे मास्तर. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की घरातल्या लग्नालासुद्धा ते उशिरा पोचतात. या पेठांच्या फुटबॉलमध्ये, लीग सोडली तर, बरोबरी हा निकालच नसतो. बाद फेरीत बरोबरीत वेळ सरली की टायब्रेकर. मग एक पेठ हलगी वाजवत जाते आणि दुसरी मान खाली घालून. भाचा दोह्यात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. भारताचा सामना तिथे असला की तिकीट काढून जातो आणि हरलो तरी घसा बसेपर्यंत ओरडून परत येतो.

“तुम्ही कतार काय होतं ते विसरता,” भाच्यानं सुरुवात केली. “फेब्रुवारीत आशिया कप जिंकलेली टीम. सात मॅचमध्ये एकोणीस गोल मारले आणि एक खाल्ला. फायनलला जपानला ३-१ नं हरवलं. जूनमध्ये कोपा अमेरिकेत पाहुणे म्हणून गेले आणि पॅराग्वेला २-२ नं अडवून आले. आपल्या आधी पाचच दिवस अफगाणिस्तानला सहा गोल घातलेले.”

“आणि आपण त्याच दिवशी गुवाहाटीत काय केलं?”

“ओमानकडून हरलो.”

“कसं हरलो ते सांग.”

भाचा चहा ढवळत बसला. कसं हरलो हे दोघांनाही पाठ आहे. ५ सप्टेंबरला सुनील छेत्रीनं चोविसाव्या मिनिटाला गोल करून दिला होता. ब्याऐंशीव्या मिनिटापर्यंत भारत पुढे होता. त्यानंतर ओमानच्या अल-मंधरनं दोन गोल केले आणि सामना १-२ असा गेला. भारतीय फुटबॉल पाहणाऱ्याला ही शेवटची दहा मिनिटं वेगळी समजवावी लागत नाहीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पी. के. बॅनर्जींच्या गोलनं भारत फ्रान्सच्या पुढे होता. तिथेही शेवटच्या दहा मिनिटांत गोल बसला आणि १-१ झाली.

“ती बघ, ती बरोबरी,” मामा म्हणाले. “आमचे वडील सांगायचे, हातातली मॅच सुटली. फ्रान्सशी बरोबरी झाली म्हणून कुणी नाचलं नाही, जिंकायची गेली म्हणून हळहळ होती. तुम्ही नाचायलाय.”

“त्या वेळी आपण चार वर्षांमागं ऑलिंपिकला चौथे आलो होतो, मामा. नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारलेली. माझ्या कॉलेजच्या वेळी, मार्च २०१५ मध्ये, आपला नंबर १७३ होता. एकशे त्र्याहत्तर! तिथून वर येताना माणूस पायरी मोजतो. दोह्याची ड्रॉ ही पायरी होती.”

इथे भाच्याची बाजू वाटते तितकी भाबडी नाही. त्या रात्री भारताकडे छेत्री नव्हता. तो आजारी होता आणि संघाबाहेर बसला होता. दीड दशक भारताचा हल्ला ज्या एका माणसाभोवती फिरत आला, तोच नाही म्हटल्यावर सामन्याआधी गोलफरक किती राहील एवढीच चर्चा होती. कतार क्रमवारीत ६२ वा, भारत १०३ वा. प्रशिक्षक इगोर श्टिमाच मे महिन्यात आलेले, म्हणजे संघाला ओळखून चारच महिने झालेले. बचावात राहुल भेके, आदिल खान, संदेश झिंगन, मंदार राव देसाई. मध्ये रॉलिन बोर्जिस. झिंगन चंडीगडचा. बाकीच्या चौघांत आदिल, मंदार आणि रॉलिन गोव्याचे, भेके मुंबईचा. मामांना ही यादी आवडते, पण ते कबूल करत नाहीत. सहाच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात भेकेनं बेंगळुरूसाठी जादा वेळेत हेडर मारून मंदारच्या एफसी गोवाचं विजेतेपद हिसकावलं होतं. दोह्यात दोघं एकाच बचावफळीच्या दोन टोकांना उभे होते, एक उजवीकडे, एक डावीकडे.

आणि मागे गुरप्रीतसिंग संधू. नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडून खेळून आलेला, उंचापुरा, छेत्रीच्या गैरहजेरीत कर्णधार. कतारनं पंचवीसहून अधिक फटके मारले. गुरप्रीतनं दहाहून अधिक अडवले. अलमोएझ अली, ज्यानं आशिया कपात नऊ गोल करून विक्रम केला होता, तो रिकाम्या हातानं परतला.

“म्हणजे ड्रॉ कुणी केली?” मामांनी विचारलं. “टीमनं की कीपरनं?”

“कीपर टीममध्येच असतो की.”

“असतो. पण मॅचमध्ये कीपरला दहा वेळा वाचवावं लागलं, तर बाकीच्या दहा जणांचं काय चाललं होतं, हे विचारायचं का नाही? पेपर सोडवताना पोरानं एकच गणित बरोबर केलं आणि त्याला शंभरापैकी शंभर दिले, तसं तुमचं झालंय.”

“एकच नाही. साहलनं मारलेला होता. उदांताचा तर थोडक्यात हुकला. शेवटी शेवटी कतारवाले वैतागले होते. स्टँडमध्ये बसल्यावर ते कळतं, टीव्हीवर नाही. सत्तर मिनिटं झाल्यावर त्यांचे लोक गप्प झाले आणि आमचा ढोल तेवढा चालू राहिला. छेत्रीनं त्या रात्री लिहिलेलं की ही माझी टीम, ही माझी पोरं. गुणतक्त्यात मोठं नसेल पण लढतीच्या हिशेबात याहून मोठं काही नाही.”

“कॅप्टननं तसं म्हणावंच. तो घरचा माणूस. प्रेक्षकानं का म्हणायचं?”

हा प्रश्न मास्तरांच्या थाटात आला, पण तो खरा आहे, आणि भाच्याचं उत्तर त्याहून जास्त कडक आलं. २०१८ च्या १ जूनला मुंबईत अंधेरीच्याच मैदानावर भारत चायनीज तैपेईशी खेळला. छेत्रीची हॅटट्रिक, ५-० विजय, आणि प्रेक्षक २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. त्या भर पावसातल्या सामन्याची तिकिटं संपली.

“पाच गोलांनी जिंकलो तेव्हा अडीच हजार माणसं. आता सांगा, विजयानं माणसं येतात का?” भाचा म्हणाला. “आपल्या गल्लीत वर्ल्ड कपला ब्राझीलचे आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकात मेस्सीचे कटआऊट. तिकडं कोण आपलं आहे? भारताच्या ड्रॉवर मी नाचलो, तर निदान माझ्या टीमवर नाचलो.”

मामा गप्प बसले. ब्राझीलचा पिवळा शर्ट त्यांच्याकडेही आहे.

मग त्यांनी गणित काढलं. गणित हे त्यांचं माहेर. अडचणीत आले की तिकडे जातात.

भाच्याचा आवडता मुद्दा असा की विश्वचषक पात्रतेच्या त्या गटात कतारनं आठ सामने खेळले, सात जिंकले, एक बरोबरीत सुटला. बावीस गुण. कतारचे जे दोन गुण गेले ते भारतामुळे. ओमानला, अफगाणिस्तानला, बांगलादेशला एकही काढता आला नाही. शिवाय भारत सात गुणांवर तिसरा आला, अफगाणिस्तान सहावर चौथा. म्हणजे त्या एका गुणानं तिसरी जागा राखली आणि आशिया कपची पुढची वाट मोकळी झाली.

“हे तू सहा वर्षं सांगायलास,” मामा म्हणाले, “आणि सहा वर्षं चुकीचं सांगायलास. तो एक गुण काढून टाक. आपले सहा, त्यांचेही सहा. मग गोलफरक बघायचा. आपण आठ मॅचमध्ये सहा मारले, सात खाल्ले. वजा एक. अफगाणिस्ताननं पाच मारले, पंधरा खाल्ले. वजा दहा. दोह्यात आपण एक-शून्य हरलो असतो तर वजा दोन. तिसरेच. बरं, अफगाणिस्तानसारखे सहा खाल्ले असते तर? वजा सात. तरी तिसरेच! तुझ्या ड्रॉनं कागदावर काही म्हणजे काही बदललं नाही.”

भाच्यानं मोबाइलवर आकडे ताडून पाहिले. आकडे बरोबर निघाले. चहा एव्हाना गार झाला होता.

खरं तर वाद इथे संपायला हरकत नव्हती. मास्तरांचा निकाल चोख आहे आणि प्रेक्षकाचा आनंद कुठल्याही गुणतक्त्यावर चालत नाही, हेही तितकंच उघड आहे. पण भाच्याकडे एक गोष्ट होती, जी त्यानं मामांना कधी सांगितली नव्हती. ती त्याच्याच बाजूला अडचणीची होती.

त्याच्या साइटवर सिल्हेटचा एक बांगलादेशी फोरमन आहे. २०१९ च्या ११ सप्टेंबरला सकाळी पहिलं अभिनंदन त्यानं केलं होतं. कतारमध्ये राहणाऱ्या परक्या माणसाला कतार अडकल्याचा थोडा आनंद होतोच, मग अडकवणारा कोणी का असेना. बरोबर पाच आठवड्यांनी, १५ ऑक्टोबरला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर भारत विरुद्ध बांगलादेश. पन्नास हजारांच्या वर प्रेक्षक. भारत १०४ वा, बांगलादेश १८७ वा. दोह्यात भारत जिथे उभा होता, तिथे आता बांगलादेश होता, आणि भारत कतारच्या जागी. बेचाळीसाव्या मिनिटाला बांगलादेशचा कर्णधार जमाल भुयाँ यानं मारलेली फ्री किक आत आली, गुरप्रीतचा अंदाज चुकला आणि साद उद्दीननं डोक्यानं गोल केला. होय, तोच गुरप्रीत. मग भारत गोल शोधत राहिला. एकदा तर आदिल खाननं गोलरेषेवरून चेंडू परतवला म्हणून दुसरा बसला नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर आणि त्याच आदिलचं हेडर. गोवेकरानं दिला, गोवेकरानं मारला. १-१.

“झिंगन दुखापतीनं बाहेर होता,” भाच्यानं वाटेत घालायचं ते घातलं.

“बरं. आणि तुझा फोरमन?”

“दुसऱ्या दिवशी मिठाई घेऊन आला. सगळ्यांना वाटली. पण तोंड पडलेलं.”

“का?”

“म्हणाला, दोन मिनिटं राहिली होती.”

मामा सावरून बसले. “परत सांग.”

“दोन मिनिटं राहिली होती, म्हणाला. जिंकत होतो.”

“म्हणजे आपल्यापेक्षा ऐंशी नंबरांनी खालची टीम, परक्या मैदानावर, पन्नास हजार माणसं विरुद्ध, ड्रॉ करून जाते, आणि त्यांचा माणूस मिठाई वाटताना हळहळतो. आणि माझा भाचा शून्य-शून्यवर नाचतो.”

“आम्ही कुठं पुढं होतो मामा? पुढं असतो तर आम्हीही हळहळलो असतो.”

“मी तेच सांगायलोय. तुम्ही पुढं नव्हताच.”

हे ऐकायला क्रूर आहे, आणि थोडं अन्यायाचंही. कोलकात्यातला भारत आणि दोह्यातला कतार यांची तुलना होत नाही. कतारचा संघ अस्पायर अकादमीत लहानपणापासून एकत्र वाढलेला, आणि तीन वर्षांवर आलेल्या घरच्या विश्वचषकासाठी तयार होत असलेला होता. त्यांच्यासमोर पुढे जाण्याचं स्वप्न बघणं आणि सॉल्ट लेकवर भारतासमोर बघणं यांत बरंच अंतर आहे. तरी मामांच्या बोलण्यातला काटा निघत नाही, कारण पुढचा इतिहास त्यांच्या बाजूनं उभा राहतो. नोव्हेंबरात दुशान्बेच्या थंडीत अफगाणिस्तानशी १-१, तीही इंज्युरी टाइममधल्या गोलनं. मग मस्कतला ओमानकडून ०-१. जून २०२१ मध्ये पुन्हा दोहा. या वेळी भेकेला सतराव्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि दहा जणांनी उरलेला सामना काढला. कतारचा एकच गोल झाला, गुरप्रीत पुन्हा भिंतीसारखा. भाच्याला हा पराभव बरोबरीइतकाच प्रिय आहे. मामा म्हणतात, भिंत किती चांगली आहे हे कळायला दर वेळी दुसऱ्यानं धडका द्याव्या लागतात.

भारत २०२३ च्या आशिया कपला पोचला, तीन सामने हरला आणि एकही गोल न करता परतला. कतार ती स्पर्धा पुन्हा जिंकला.

“११ जून २०२४ ला मी त्याच स्टेडियममध्ये होतो,” भाचा म्हणाला. आता तो वाद घालत नव्हता. “छेत्री पाच दिवसांपूर्वी निवृत्त झालेला. गुरप्रीत कॅप्टन. छांगटेनं गोल मारला, आपण पुढं होतो मामा. कतारच्या पुढं! त्र्याहत्तराव्या मिनिटापर्यंत. मग तो बॉल.”

तो बॉल साऱ्यांनी पाहिला आहे. चेंडू गोलच्या शेजारून रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला, युसूफ आयमननं गोलमध्ये ढकलला, आणि पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कतारचा दुसरा गोल. १-२. भारत विश्वचषकाच्या पात्रतेतून बाहेर.

“त्या रात्री तू फोन नाही केलास,” मामा म्हणाले.

“नाही केला.”

“मी वाट बघत होतो.”

दोघंही थोडा वेळ बोलले नाहीत. शेजारच्या गल्लीतून पोरांचा आवाज येत होता. गाडीखाली गेलेला बॉल कोण काढणार यावर भांडण चाललं होतं.

मामांना त्या रात्री राग आला होता, आणि तो पंचांवर होता, हे त्यांनी दीड वर्षात प्रथमच सांगितलं. पुढे होतो, म्हणून हळहळ वाटली. भाच्यानं लगेच त्यावर बोट ठेवलं: मग २०१९ ची ड्रॉ नसती तर २०२४ ला पुढे जायची हिंमत कुठून आली असती? मामांनी मान हलवली. पाच वर्षांत पंधरावीस माणसं बदलली, प्रशिक्षक तोच असला तरी संघ तो नव्हता. एका रात्रीची हिंमत दुसऱ्या संघाच्या खात्यात कशी जमा होते, हे त्यांना कुणी सिद्ध करून दाखवावं. भाच्याला सिद्ध करता येईना. तो म्हणाला, स्टँडमधली माणसं तीच होती.

२०२५ चा ऑक्टोबर तर ताजाच होता. ९ तारखेला सिंगापुरात भारत एका गोलनं मागे, झिंगनला लाल कार्ड, दहा जण, आणि नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीचा गोल. १-१. पुन्हा जल्लोष, पुन्हा ‘लढले’ हा शब्द. पाचच दिवसांनी, १४ ला, गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर तोच सिंगापूर. छांगटेनं पुढे नेलं, सिंगापूरच्या सोंग उई-यंगनं दोन गोल केले, १-२. २०२७ च्या आशिया कपची वाट बंद झाली. सिंगापूरच्या बरोबरीचा आनंद जेमतेम पाच दिवस टिकला.

आणि १८ नोव्हेंबरला ढाका.

“फोरमननं मिठाई आणली असणार,” मामा म्हणाले.

“आणली. या वेळी दोन बॉक्स.”

बांगलादेश १, भारत ०. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनचा गोल, जो त्यांनी उरलेली सगळी मिनिटं राखला. बावीस वर्षांनी बांगलादेश भारताविरुद्ध जिंकला होता.

“तोंड कसं होतं?”

“काय विचारता. कामावर दोन तास उशिरा आला, आणि मी मार्क नाही मारला.”

मामा उठून आत गेले. भाच्याला वाटलं, नेहमीप्रमाणे जुनी वही काढतील, निकालांची, ज्यात १९८४ च्या आशिया कपातली इराणशी झालेली शून्य-शून्यही निळ्या शाईत आहे. भाचा ती वही लहानपणापासून बघत आला आहे. तिच्यात बरोबरीपुढे मामा काही लिहीत नाहीत, नुसती एक आडवी रेघ ओढतात. दोह्यापुढेही रेघच आहे, हे त्यानं मागच्या सुट्टीत चोरून बघून ठेवलं होतं.

मामा परत आले ते वाडीच्या पेढ्यांचा पुडा घेऊन. सकाळीच कोणीतरी नरसोबाच्या वाडीहून आणलेला, दोरा अजून सोडलेला नव्हता.

“हा बॅगेत टाक.”

“मला? आणि कशाचे? मार्चमध्ये शिलाँगला त्याच बांगलादेशशी शून्य-शून्य झाली, तिचे?” भाचा हसला.

“ड्रॉचे पेढे या घरात मिळत नाहीत. तुझ्या फोरमनला दे. म्हणावं, मामांनी दिलेत, जिंकल्याबद्दल.”

भाच्यानं पुडा हातात घेऊन वजन बघितलं. “अर्धा किलोच आहे. साइटवर बांगलादेशी चाळीस आहेत.”

“मग शनिवारी वाडीला जाऊन येऊ,” मामा म्हणाले, आणि गार चहाचा कप उचलून आत ठेवायला गेले.